विंडोजचं डीफ्रॅग: चालू असताना मशीन कोसळलं तर फाइलींचं काय होतं?

विंडोजसोबत येणाऱ्या 'ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज'बद्दल कुणी कौतुकाने बोलताना मी ऐकलेलं नाही. दिसायला रटाळ, माहिती द्यायला कंजूष, आणि वेगाचं तर विचारूच नका. तरीही फिरत्या हार्ड डिस्कचं डीफ्रॅग करायचं असेल, म्हणजे डिस्कभर विखुरलेले फाइलींचे तुकडे सलग मांडायचे असतील, तर मी हेच वापरते आणि कुणी विचारलं तर हेच सांगते. मला या साधनाकडून मुळात एकाच प्रश्नाचं उत्तर हवं होतं. काम अर्ध्यावर असताना वीज गेली, निळा स्क्रीन आला किंवा कुणाचा पाय अडकून वायर निघाली, तर फाइली शाबूत राहतात का? राहतात. पण त्या 'राहतात'ला काही अटी चिकटलेल्या आहेत, आणि त्या या साधनाच्या खिडकीत कुठेही लिहिलेल्या नाहीत.

हा प्रश्न मला एवढा का छळतो ते आधी सांगते. ध्वनिमुद्रणं जतन करणं हे माझं काम. जुन्या टेपवरून उतरवून घेतलेल्या डब्ल्यूएव्ही फाइली, ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ. अशा एका तासाला साधारण २ जीबी जागा लागते. त्यात अनेक माइकचं मल्टिट्रॅक मुद्रण असेल तर प्रत्येक ट्रॅकची वेगळी फाइल एकाच वेळी वाढत जाते आणि डिस्कवर सगळ्यांचे तुकडे एकमेकांत घुसून बसतात. मिनिटाला ७२०० फेऱ्या घेणाऱ्या डिस्कवर हवी ती जागा हेडखाली येईपर्यंत सरासरी ४ मिलिसेकंद जातात, हेड सरकायला लागणारा वेळ वेगळाच. तुकडे हजारोंनी असले की सगळे ट्रॅक एकत्र वाजवताना आवाज अडखळतो. तेव्हा डीफ्रॅग हा माझा शौक नाही, गरज आहे.

आणि या फाइली गेल्या तर गेल्या. मूळ टेप दरवर्षी आणखी खराब होत असते, दुसऱ्यांदा उतरवलेला आवाज पहिल्यासारखा निघेलच असं नाही. त्यामुळे प्रत्येक फाइलीचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा ठशासारखा आकडा, काढून यादीत ठेवायची आमच्याकडे शिस्त आहे. दोन जीबीच्या फाइलीत एक बिट बदलला तरी हॅश जुळत नाही. डीफ्रॅगनंतर 'उघडून पाहिलं, ठीक वाटतंय' एवढ्यावर मला थांबावं लागत नाही, ते या यादीमुळे.

आता हे साधन नेमकं करतं काय? बऱ्याच जणांच्या डोक्यात चित्र असं असतं की प्रोग्रॅम फाइलीचा तुकडा उचलतो आणि दुसरीकडे नेऊन ठेवतो. वाटेत वीज गेली की तुकडा गेला. प्रत्यक्षात डीफ्रॅगचा प्रोग्रॅम डिस्कला स्वतः हातच लावत नाही. तो एनटीएफएस या विंडोजच्या फाइल सिस्टिमकडून, म्हणजे डिस्कवर कुठली फाइल कुठे आहे याचा हिशोब ठेवणाऱ्या व्यवस्थेकडून, रिकाम्या आणि भरलेल्या क्लस्टरचा (डिस्कवरच्या जागेच्या ठरावीक आकाराच्या कप्प्यांचा) नकाशा मागून घेतो, फाइलीचे तुकडे कुठे आहेत ते विचारतो, आणि मग 'या फाइलीचे अमुक क्लस्टर तमुक जागी हलव' अशी विनंती करतो. हलवण्याचं काम फाइल सिस्टिमचं. ती नवी जागा राखून ठेवते, मजकुराची तिथे नक्कल करते आणि ते झाल्यावरच एमएफटी या फाइलींच्या मुख्य तक्त्यातल्या नोंदीतला पत्ता बदलते. हा पत्ताबदल आधी लॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या रोजनिशीत, नोंदवला जातो. जुनी जागा मोकळी होते ती सगळ्यात शेवटी. त्यामुळे मशीन कुठल्याही क्षणी मेलं तरी नोंदीतला पत्ता एकतर जुन्या जागेचा असतो नाहीतर नव्या, आणि ज्या जागेचा असेल तिथे मजकूर पूर्ण असतो. पुन्हा सुरू झाल्यावर एनटीएफएस लॉग वाचते आणि अर्धवट राहिलेला बदल एकतर पुरा करते नाहीतर मागे घेते.

गंमत म्हणजे नेहमीचं 'सेव्ह' यापेक्षा जास्त धोक्याचं असतं. कित्येक प्रोग्रॅम जुन्या मजकुरावरच नवा मजकूर लिहितात. तिथे मध्येच वीज गेली तर जुनंही गेलं आणि नवंही आलं नाही. डीफ्रॅगमध्ये जुनी प्रत शेवटपर्यंत जागेवर असते.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर ॲडमिनिस्ट्रेटरच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'एफएसयुटिल फाइल क्वेरीएक्स्टेंट्स' हा आदेश द्या आणि पुढे फाइलीचं नाव लिहा. प्रत्येक तुकड्याची एक ओळ येते: फाइलीतला कितवा क्लस्टर, तिथून किती क्लस्टर सलग, आणि डिस्कवर ते कुठून सुरू होतात. आकडे सोळाच्या पायाचे असतात, त्यांना घाबरायचं कारण नाही. माझ्या एखाद्या मल्टिट्रॅक फाइलीवर हा आदेश दिला की स्क्रीन भरून ओळी वाहायला लागतात. डीफ्रॅग चालू असताना तोच आदेश पुन्हा पुन्हा द्या. ओळी कमी होताना दिसतात. काहींचा शेवटचा आकडा एकदम बदलतो, बाकीच्या जिथल्या तिथे. अशा वेळी 'स्टॉप' दाबलं तर फाइल थोडी इकडे थोडी तिकडे असते, पण वाजते पहिल्यापासून शेवटपर्यंत. डीफ्रॅग अर्धवट राहिलेली फाइल पूर्णपणे धड असते, फक्त तिचे तुकडे आधीपेक्षा बहुधा कमी झालेले असतात.

तरी सांगितलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवून संग्रह पणाला लावणारी मी नाही. टाकून द्यायला काढलेली एक डिस्क घेतली, तिच्यावर मुद्दाम तुकडे पाडलेल्या फाइली भरल्या, हॅश काढले, डीफ्रॅग लावलं आणि चालू असताना टॉवरची वायर ओढली. कधी सुरुवातीला, कधी टक्केवारी बरीच पुढे गेल्यावर, कधी 'कन्सॉलिडेटेड' असं दाखवत असताना. हे हात दाखवून अवलक्षण आहे हे मला मान्य आहे; चांगल्या डिस्कवर कुणी करू नये. मशीन परत सुरू झाल्यावर बहुतेक वेळा काहीच झालं नसल्यासारखा डेस्कटॉप समोर आला, कधी चेकडिस्क (विंडोजचं फाइल सिस्टिम तपासायचं साधन) आपणहून चालली आणि निमूट संपली. डीफ्रॅगने हलवलेल्या फाइलींचे हॅश सगळे जुळले.

एक फाइल मात्र गेली. वायर ओढली तेव्हा दुसऱ्या डिस्कवरून या डिस्कवर एक मोठी फाइल कॉपी होत होती. ती नंतर आकाराने पूर्ण दिसत होती, पण फाइलीतले बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये उघडली तर शेवटचा मोठा भाग नुसती शून्यं. विंडोज कॉपी करताना आकार आधी राखून ठेवतं आणि मजकूर मागाहून भरतं, त्याचा हा परिणाम. डीफ्रॅगचा यात काडीचा संबंध नव्हता. पण ही यादी हाताशी नसती, आणि आठवड्याने ती फाइल उघडली असती, तर मीही 'डीफ्रॅग चालू असताना मशीन बंद पडलं ना, तेव्हाच गेली' असंच म्हटलं असतं.

मग लोकांच्या फाइली खरोखर जातात त्या कशाने? इथेच घोडं पेंड खातं. हलवताना फाइलीचा मजकूर डिस्कवरून रॅममध्ये येतो आणि रॅममधून नव्या जागी लिहिला जातो. एनटीएफएस आपल्या नोंदींची काळजी घेते, पण फाइलीतल्या मजकुराचा चेकसम, म्हणजे पडताळणीचा आकडा, ठेवत नाही. रॅमची एखादी चिप अधूनमधून बिट उलटा देत असेल तर तो उलटा बिटच नव्या जागी लिहिला जाणार, जुनी जागा मोकळी होणार, आणि फाइल सिस्टिमच्या दृष्टीने व्यवहार चोख झालेला असणार. चेकडिस्कला यात काही वावगं दिसत नाही, कारण तिला बघायचे असतात ते पत्ते, आणि पत्ते बरोबर असतात.

आता तीच रॅम मशीनही कोसळवते. बघणाऱ्याला दिसतं ते असं: डीफ्रॅग लावलं, मध्येच निळा स्क्रीन आला, नंतर फाइली खराब निघाल्या. निष्कर्ष तयार: डीफ्रॅगच्या वेळी क्रॅश झाला म्हणून फाइली गेल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी. क्रॅश आणि खराब फाइली ही दोन्ही एकाच रॅमची कामगिरी.

आमच्याकडे हे घडलेलं आहे. एका सहकाऱ्याच्या मशीनवर अधूनमधून निळा स्क्रीन यायचा. कुणीतरी सल्ला दिला, डीफ्रॅग कर, सुटसुटीत होईल. त्याने लावलं, अर्ध्यावर मशीन कोसळलं, परत लावलं, परत कोसळलं. मग यादीशी हॅश ताडून पाहिले तर काही फाइली जुळेनात. त्यातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की बिघडलेल्या फाइली क्रॅशच्या क्षणी हलत असलेल्या नव्हत्या, त्या कितीतरी आधी, सगळं सुरळीत चालू असताना हलून झालेल्या होत्या. रात्रभर मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं साधन चालवलं तर सकाळी स्क्रीनवर लाल ओळींची रांग. रॅमची पट्टी बदलली, फाइली बॅकअपवरून परत आणल्या आणि निळा स्क्रीनही थांबला. डब्ल्यूएव्ही फाइलीत असा एक बिट बिघडला तर कानाला कळेलच असं नाही. फार तर बारीकसं 'टिक'. तोच बिट झिप फाइलीत किंवा डेटाबेसमध्ये बिघडला तर आत शिरणंच अवघड. म्हणून 'माझ्या गाण्यांना काही झालं नाही' हा पुरावा नव्हे.

दुसरा चोर म्हणजे मरायला टेकलेली डिस्क. डीफ्रॅगमध्ये डिस्कला तासन्‌तास धावावं लागतं, आणि एरवी वर्षभर कुणी न वाचलेले कोपरेही वाचले जातात. तिथे न वाचता येणारा सेक्टर निघाला की डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसते, विंडोज ताटकळतं, कधी मशीन गोठतं. वैतागून पॉवर बटण दाबून धरलं जातं आणि खापर पुन्हा डीफ्रॅगवर. हे आधी कळतं. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या साधनात डिस्कचं स्मार्ट, म्हणजे ती स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, बघा: क्रमांक ५ म्हणजे बदली दिलेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न आल्याने ताटकळत ठेवलेले, १९८ म्हणजे दुरुस्त न होणारे. १९७ चा कच्चा आकडा शून्याच्या वर असेल तर त्या डिस्कवर डीफ्रॅग लावू नये, आधी त्यावरचा माल दुसरीकडे न्यावा. १९९ वाढत असेल तर बहुधा केबल सैल किंवा खराब असते, डिस्कला दोष देण्याआधी ती बदलून बघा.

माझी या साधनाविरुद्धची सगळ्यात मोठी तक्रार हीच. डिस्क स्वतःच्या तब्येतीची माहिती देत असते, विंडोजला ती वाचता येते, आणि तरी 'ऑप्टिमाइझ'चं बटण मरणपंथाला लागलेल्या डिस्कवरही निमूट दाबलं जातं. सुरू करण्याआधी एक ओळीचा इशारा दिला असता तर कित्येकांचं नुकसान टळलं असतं.

तिसरी अट कॅशची. डिस्क आपल्या छोट्या मेमरीत लिहिण्याचे आदेश साठवते आणि सोयीने तबकडीवर उतरवते. एनटीएफएसची सगळी खातरी या गृहीतकावर उभी आहे की 'आता उतरव' म्हटलं की डिस्क खरोखर उतरवते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्कच्या प्रॉपर्टीजमधल्या 'पॉलिसीज' टॅबवर दोन चौकटी असतात. पहिली राइट कॅशिंग चालू ठेवण्याची, ती असू द्या. दुसरी विंडोजचं कॅश फ्लशिंग बंद करण्याची. वेग वाढवण्याच्या 'टिप्स' सांगणारे लोक ही दुसरी चौकट टिक करायला सांगतात. तिथे टिक असेल आणि वीज गेली, तर वर सांगितलेला जुना-नवा पत्त्याचा क्रम डिस्कवर त्याच क्रमाने उतरला असेल याची हमी नाही. ती चौकट रिकामीच हवी. मशीन यूपीएसवर असलं तरी, कारण पॉवर सप्लाय आतून जळाला तर यूपीएस काय करणार?

'डीफ्रॅगमध्ये क्रॅश म्हणजे डेटा गेला' ही भीती आली कुठून, त्याचंही उत्तर आहे. ती एके काळी खरी होती. एमएस-डॉस ६ मध्ये १९९३ साली सिमँटेककडून घेतलेलं डीफ्रॅग आलं, तेव्हा डिस्कवर फॅट ही जुनी फाइल सिस्टिम होती आणि फॅटला लॉग नसतो. फाइलीचे क्लस्टर कुठून कुठे जातात याची साखळी एका तक्त्यात, फाइलीचं नाव आणि पहिला क्लस्टर डिरेक्टरीत. दोन्हींपैकी एकच बदलून झालं आणि वीज गेली की दोन फाइली एकाच क्लस्टरवर हक्क सांगायला लागायच्या, नाहीतर काही क्लस्टर बेवारस व्हायचे. स्कॅनडिस्क हे दुरुस्तीचं साधन मग ते बेवारस तुकडे सीएचके फाइलींत गोळा करून द्यायचं, आणि त्यातलं कुठलं कशाचं हे शोधत बसायचं. विंडोज ९८ मध्ये तर ड्राइव्हवर कुणी काही लिहिलं की डीफ्रॅग पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. रात्रभर रंगीत चौकोन बघत बसलेल्या माणसाला सकाळी पुन्हा शून्य टक्के दिसायचं. त्या पिढीने कानाला खडा लावला तो बरोबरच होता. फक्त तो खडा फॅटसाठी होता. आजही फॅट३२ असलेल्या पेन ड्राइव्हला आणि मेमरी कार्डाला लॉग नाही; त्यांचं डीफ्रॅग करण्यात तसाही अर्थ नाही, कारण तिथे फिरणारं काही नसतं.

एनटीएफएसला 'हे क्लस्टर हलव' असं सांगायची अधिकृत सोय विंडोज एनटी ४.० मध्ये, १९९६ साली आली. या एनटी घराण्याच्या विंडोजमध्ये स्वतःचं डीफ्रॅग आलं ते विंडोज २००० पासून, आणि तेही एक्झिक्युटिव्ह सॉफ्टवेअरच्या डिस्ककीपरवर बेतलेलं. हे सांगायचं कारण असं की बाजारातली बाकी साधनं आपापल्या जाहिरातीत सुरक्षिततेचे कितीही गोडवे गाऊ देत, विंडोज चालू असताना ती याच दारातून आत जातात. पिरिफॉर्मचं डीफ्रॅगलर घ्या, ज्याची २.२२ ही आवृत्ती २०१८ ची; किंवा जेकेडीफ्रॅग घ्या, जे पुढे मायडीफ्रॅग झालं आणि नंतर थांबलं. कुठली फाइल आधी आणि कुठे, यात त्यांची हुशारी. क्रॅश झाल्यावर फाइल वाचवण्याचं श्रेय मात्र सगळ्यांच्या बाबतीत एनटीएफएसचंच. मग पैसे कशाचे? नकाशा सुंदर दिसतो, फाइल निवडता येते, वेळापत्रक बारकाईने ठरवता येतं. ते हवं असेल तर जरूर घ्या.

या गर्दीत मी एकच जादा साधन ठेवलं आहे, सिसइंटर्नल्सचं कॉन्टिग. कमांड प्रॉम्प्टवरचं, दिसायला काहीच नाही. पण एका फाइलीचं नाव दिलं की तेवढीच फाइल सलग करतं. उद्या मिक्सिंगला बसायचं आहे आणि एकाच कार्यक्रमाचे ट्रॅक अडखळत आहेत, तर अख्खी डिस्क ढवळण्यापेक्षा तेवढा फोल्डर सरळ केला की झालं. जितकं कमी हलवाल तितका खराब रॅमच्या तावडीत सापडण्याचा वाव कमी.

एका वेगळ्या जातीच्या प्रोग्रॅमपासून मात्र सावध. पार्टिशन सरकवणारे, तिचा आरंभ मागेपुढे करणारे प्रोग्रॅम. लोक त्यांनाही डीफ्रॅगच्याच पंक्तीला बसवतात. ते फाइल सिस्टिमला न विचारता ब्लॉकच्या ब्लॉक उचलून आधीच्याच जागेवर लिहीत जातात. त्यात मध्येच वीज गेली तर वरचा एकही दिलासा लागू नाही. बॅकअपशिवाय त्याला हात लावू नये.

क्रॅश झालाच तर पहिली गोष्ट, परत डीफ्रॅग लावू नका. फाइल हरवली असेल तर तिचे अवशेष मोकळ्या ठरलेल्या जागेत असू शकतात आणि डीफ्रॅग नेमकी तीच जागा भरत सुटतं. विंडोजच्या घडामोडींची नोंदवही, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर, उघडा. कर्नल-पॉवर ४१ म्हणजे मशीन नीट बंद न होता गेलं, एवढंच. डिस्कचा ७ म्हणजे खराब ब्लॉक, १५३ म्हणजे वाचन-लेखनाचा प्रयत्न पुन्हा करावा लागला, आणि एनटीएफएसचा ५५ म्हणजे फाइल सिस्टिमच्या रचनेतच गडबड. ७ किंवा १५३ दिसत असतील तर चेकडिस्कच्याही आधी महत्त्वाचा माल कॉपी करून घ्या. चेकडिस्कचं उद्दिष्ट फाइल सिस्टिम सुसंगत करणं हे असतं. त्यासाठी एखादी मोडकी नोंद उडवायला ती कचरत नाही, आणि मरत्या डिस्कवर आर स्विच देऊन ती चालवणं म्हणजे डिस्कला शेवटचा धक्का देण्यासारखं. आधी कुठलाही स्विच न देता चालवा. तेव्हा ती फक्त बघते, बदलत काही नाही. रॅमसाठी मेमटेस्ट८६ रात्रभर. हे सगळं निर्मळ निघालं तरच पुन्हा डीफ्रॅगचा विचार.

क्रॅश न होताही डीफ्रॅगने एक गोष्ट जाऊ शकते, आणि ती गेल्यावर लोक दचकतात: रिस्टोअर पॉइंट, म्हणजे विंडोजला मागच्या अवस्थेत नेण्यासाठी ठेवलेल्या खुणा. त्यांच्यामागची शॅडो कॉपी १६ केबीच्या ब्लॉकचा हिशोब ठेवते आणि एनटीएफएसचा नेहमीचा क्लस्टर ४ केबीचा. जागा हलली की शॅडो कॉपीला वाटतं मजकूर बदलला, ती जुना मजकूर साठवायला लागते, आणि ठरवून दिलेली जागा भरली की जुने पॉइंट गळायला लागतात. फक्त संग्रहासाठी असलेल्या डिस्कला फॉरमॅट करतानाच १६ केबी किंवा मोठा क्लस्टर दिला तर हा त्रास टळतो. तसंच ब्लॉक पातळीवर वाढीव बॅकअप घेणारा प्रोग्रॅम असेल तर डीफ्रॅगनंतरचा बॅकअप फुगलेला निघतो. फाइली त्याच असतात, पण ब्लॉक हलल्यामुळे त्याला सगळं नवं वाटतं. म्हणून क्रम असा ठेवा: आधी बॅकअप, मग डीफ्रॅग, मग पुन्हा पूर्ण बॅकअप.

एसएसडीबद्दल थोडक्यात. विंडोज ८ पासून याच खिडकीतून एसएसडीला मुख्यतः ट्रिम पाठवला जातो, म्हणजे 'या जागा आता रिकाम्या आहेत' असा निरोप. त्यात मध्येच वीज गेली तर तुमच्या फाइलींना त्याने काही होत नाही. विंडोज १० च्या २००४ आवृत्तीत शेवटची ऑप्टिमायझेशनची तारीख विसरून पुन्हा पुन्हा काम करण्याचा दोष होता, तो सप्टेंबर २०२० मध्ये दुरुस्त झाला.

राहिला प्रश्न दिसण्याचा. व्हिस्टाने रंगीत नकाशा काढून टाकला आणि टक्केवारीसुद्धा दाखवेना, नुसतं 'काही मिनिटं किंवा काही तास लागतील'. विंडोज ७ ने टक्केवारी परत आणली, पण कुठली फाइल हलते आहे हे आजही कळत नाही. ६४ एमबीपेक्षा मोठे तुकडे ते मुद्दाम जोडत नाही. तुकडा तेवढा मोठा असला की हेडच्या एका उडीने काही बिघडत नाही, आणि हे गणित मला पटतं. फक्त ते खिडकीत लिहिलेलं नाही, त्यामुळे 'शून्य टक्के' दाखवत असताना दुसऱ्या साधनात तुकडे दिसले की माणूस गोंधळतो. सविस्तर अहवाल हवा असेल तर कमांड प्रॉम्प्टवरून डीफ्रॅगला ए आणि व्ही हे दोन स्विच द्या. तिथे ते जरा मोकळेपणाने बोलतं.

आणि वेळापत्रक. ते मुळातच चालू असतं, आठवड्याला. रोजच्या वापराच्या डिस्कला ते राहू द्यावं, थोडे थोडे तुकडे वेळच्या वेळी आवरले जातात. संग्रहाच्या डिस्कचं मात्र मी स्वतः, बॅकअप आणि स्मार्ट बघून, दिवसा समोर बसून करते. त्यासाठी 'चेंज सेटिंग्ज'मध्ये जाऊन ड्राइव्ह निवडायच्या यादीतून ती डिस्क वगळायची. त्याच यादीच्या खाली 'नव्या ड्राइव्ह आपोआप ऑप्टिमाइझ करा' अशी आणखी एक टिक असते, तीही काढा. नाहीतर कुणाची तरी आजारी डिस्क माल वाचवायला म्हणून जोडाल आणि रात्री विंडोज तिचं डीफ्रॅग करायला घेईल.